पंट झेलायला उभं राहण्याआधी: कॅनेडियन फुटबॉलच्या रिटर्नरची तयारी

सगळ्यात आधी एक नियम डोक्यात पक्का बसवायचा, कारण बाकीची सगळी तयारी त्याच्यातूनच निघते. समोरच्या संघाने हातातून सोडून पायाने उंच मारलेला चेंडू म्हणजे पंट, आणि तो घेऊन परत पळवणारा तो रिटर्नर. कॅनेडियन फुटबॉलमध्ये फेअर कॅच नाही. अमेरिकेतल्या खेळात रिटर्नर हात वर करतो, चेंडू झेलतो आणि खेळ तिथेच थांबतो; त्याला कुणी धक्काही लावत नाही. इथे ती सोय नाही. चेंडू आला की घ्यायचा आणि पळायचं. सोडून दिला, टप्पा पडून घरंगळत गेला, तरी तो जिवंतच असतो आणि कुणीतरी जाऊन तो उचलावाच लागतो. म्हणून चाळीस यार्ड कोण किती सेकंदात पळतो एवढंच घड्याळ लावून पाहणाऱ्या आणि त्यावरून रिटर्नर ठरवणाऱ्या कोचशी माझं कधीच पटलेलं नाही. वेग हवाच. पण ज्याला निर्णय टाळण्याची सवय आहे तो कितीही वेगात पळत असला तरी या जागेवर टिकत नाही. गेली काही वर्षं शनिवारी सकाळी मी मुलांना पंट झेलायचा सराव देतो. हंगाम सुरू होण्याआधी जे त्यांच्याकडून करून घेतो, ते इथे लिहितो आहे.

फेअर कॅचच्या बदल्यात रिटर्नरला पाच यार्डांचं रिंगण मिळतं. पंट असो की हुकलेला फील्ड गोल (गोल पोस्टमधून मारायची किक), रिटर्नरचा चेंडूला हात लागेपर्यंत समोरच्या खेळाडूंनी त्याच्यापासून पाच यार्ड लांब राहायचं. आत घुसले तर 'नो यार्ड्स'. चेंडू थेट हवेतून घेतला जात असेल तर दंड 15 यार्डांचा. ऐकायला हे संरक्षण मोठं वाटतं, पण पाच यार्ड म्हणजे जेमतेम साडेचार मीटर. सुसाट येणाऱ्या गड्याच्या दोन-तीन ढांगा. हे अंतर डोळ्यांना कळावं म्हणून मैदानावर चुन्याने खरोखरचं रिंगण आखायचं, मुलाला मध्ये उभं करायचं आणि कडेवर चार मित्र उभे करायचे. चेंडू हातात पडला की चौघांनी आत यायचं. तीन दिवस हा सराव केला की घाबरायला किती वेळ असतो आणि पाऊल टाकायला किती, हे शरीरालाच समजतं.

रिंगणाचे दोन अपवाद मात्र पाठ पाहिजेत. किक मारणारा स्वतः, आणि किक मारताना जो त्याच्या मागे होता तो, या दोघांना रिंगण लागू नाही. ते थेट अंगावर येऊ शकतात, चेंडूही उचलू शकतात. त्यामुळे प्रत्येक पंटआधी किकरच्या मागे कुणी उभं आहे का, हे मोजून ठेवायचं. आणि किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकला, तर रिंगणच नसतं. तिथे समोरचे सगळे चेंडूच्या मागून निघतात, त्यामुळे चेंडू दहा यार्ड पुढे गेला की तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. पंटच्या सवयीने किकऑफला निवांत उभं राहिलं की घात होतो. शाळकरी मुलांच्या सामन्यात मी हे इतक्या वेळा पाहिलंय की पहिल्या आठवड्यात दोन्ही सराव एकाच दिवशी कधीच घेत नाही.

आता झेल. आपल्याकडे मैदानावर क्रिकेट खेळत वाढलेल्यांना उंच झेलाखाली पळत जाऊन थांबण्याची सवय असते आणि ती इथे खरंच कामाला येते. पण हा चेंडू गोल नाही, आणि तो बोटांनी पकडायचा नाही. दोन्ही कोपर अंगाशी, तळवे वर, करंगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि चेंडू हातांवरून सरकत छातीच्या खळग्यात यायला हवा. आई तान्ह्या बाळाला घेते तसा. चेंडूचं टोक कुठे वळलंय ते पाहायला शिकायचं. शिखरावर पोचून टोक खाली वळलं तर चेंडू वाटतो त्याहून लांब जाणार, म्हणजे मागे सरकायचं. टोक वरच राहिलं तर तो आखूड पडणार, म्हणजे पुढे धावायचं. डाव्या पायाच्या किकरचा चेंडू उलट्या बाजूने फिरत येतो आणि शेवटच्या क्षणी भलतीकडे वळतो. सरावाला एक तरी डावखुऱ्या पायाचा मुलगा शोधून ठेवा, मग तो कितीही वाईट किक मारत असला तरी चालेल.

चेंडू हवेत असताना मान एकदाच खाली आणायची. चेंडू अगदी वर असताना एक नजर समोर: किती जण आले, कुठल्या बाजूने आले, मोकळं कुठे आहे. मग डोळे परत चेंडूवर, आणि तो छातीत बसेपर्यंत तिथून हलवायचे नाहीत. दुसऱ्यांदा खाली पाहिलं की हातातला चेंडू सुटतो, हे मी नव्याण्णव टक्के म्हणण्याइतक्या खात्रीने सांगतो. आणि सुटला की रिंगण संपलं. रिटर्नरचा हात लागून चेंडू खाली पडला तर समोरचा कुणीही त्यावर झडप घालू शकतो.

टप्पा पडलेला चेंडू हा या कामाचा सगळ्यात अवघड भाग, आणि सरावात त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. अंडाकृती चेंडू जमिनीवर आपटला की कुठे उडेल हे कुणालाच सांगता येत नाही. इथे रिटर्नरला बाजूला होऊन तो थांबण्याची वाट पाहता येत नाही. चेंडू घरंगळत असतो, समोरचे चार-पाच जण पाच यार्डांवर दबा धरून उभे असतात, आणि मध्ये आपण एकटे. चढाईला गेलेल्या कबड्डीपटूच्या भोवती बचावफळी जशी कोंडाळं करते, तसंच दृश्य. म्हणून सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, वीस चेंडू नुसते जमिनीवर आपटून सोडायचे. नियम एकच: चेंडूच्या मागे पळायचं नाही, त्याच्या अंगावर जायचं. शक्य तर दुसरा टप्पा पडू द्यायचा नाही. आणि वाकताना पाय चेंडूच्या मागे आणायचे, म्हणजे हातातून निसटला तरी तो अंगाला लागून अडतो. ज्या दिवशी मुलगा हवेतल्या चेंडूइतक्याच शांतपणे घरंगळता चेंडू उचलतो, त्या दिवशी मी त्याला रिटर्नर म्हणतो.

चेंडू हातात आल्यावर पहिली पावलं सरळ पुढे, गोल पोस्टच्या दिशेने. कॅनेडियन मैदान 65 यार्ड रुंद आहे, अमेरिकेतल्या मैदानापेक्षा बरंच जास्त, आणि ती रुंदी नव्या मुलांना भुलवते. ते लगेच आडवे पळतात आणि कडेच्या रेषेवर कोंडले जातात. सरळ पळालं की समोरच्याला थांबून वाट पाहावी लागते, आणि तो थांबला की मग हूल द्यायची. खो-खो खेळलेल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही; खांद्याने एकीकडे आणि पायाने दुसरीकडे, हे त्यांच्या अंगातच असतं. पण एकच हूल. तीन-तीन हुली देत जागच्या जागी नाचणाऱ्याला मागून येणारा गाठतो. 'नो यार्ड्स'चा झेंडा पडलेला दिसला तरी थांबायचं नाही. दंडापेक्षा पळून मिळवलेलं अंतर जास्त असेल तर संघ दंड नाकारू शकतो.

आपल्या ब्लॉक करणाऱ्यांशी, म्हणजे समोरच्यांना अंगाने अडवून वाट मोकळी करणाऱ्यांशी, आठवड्यातून एकदा नीट बोलायचं. रिटर्नर कुठल्या बाजूने जाणार हे त्यांना ठाऊक नसेल तर ते मागून ढकलतात, आणि मागून केलेला ब्लॉक सगळी मेहनत पुसून टाकतो. 2014 च्या ग्रे कपमध्ये, म्हणजे सीएफएल या कॅनडाच्या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, व्हँकुव्हरला हॅमिल्टनच्या ब्रँडन बँक्सने शेवटच्या मिनिटात 90 यार्डांचा पंट परत नेऊन टचडाउन केला होता, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या गोल रेषेपलीकडे नेला होता. बेकायदा ब्लॉकमुळे तो रद्द झाला आणि कॅल्गरीने सामना 20–16 असा जिंकला. त्याच्या आठवडाभर आधी मॉन्ट्रियलविरुद्ध त्याच बँक्सने एकाच सामन्यात दोन पंट थेट टचडाउनपर्यंत नेले होते. ते धावणं मी आजही मुलांना दाखवतो, आणि ग्रे कपमधलंही दाखवतो. ब्लॉक करणाऱ्या मुलांना तर आधी तेच.

यानंतर एंड झोनचा, म्हणजे गोल रेषेमागच्या पट्ट्याचा हिशेब, आणि तो प्रत्येक सामन्याआधी तोंडपाठ म्हणून घ्यायचा. सीएफएलमध्ये 2026 च्या हंगामात मैदान 110 यार्डांचं आणि एंड झोन 20 यार्डांचा. चेंडू एंड झोनमध्ये घेतला आणि बाहेर आणता आला नाही, तर समोरच्या संघाला एक गुण, ज्याला रूज म्हणतात. बाहेर पळायचं की गुडघा टेकून एक गुण द्यायचा, हे चेंडू हवेत असतानाच ठरलेलं असायला हवं, आणि ते धावफलक व घड्याळ पाहून ठरतं. दोन गुणांनी पुढे असताना एक गुण देणं परवडतं. बरोबरीत, शेवटच्या सेकंदाला, अजिबात नाही. अशा वेळी रिटर्नर चेंडू परत किक मारून बाहेरही काढू शकतो. 2010 मध्ये टोरंटो आणि मॉन्ट्रियलच्या सामन्यात हुकलेल्या फील्ड गोलनंतर दोन्ही संघांनी असा चेंडू आलटून-पालटून किक केला, आणि शेवटी मॉन्ट्रियलने एंड झोनमध्ये चेंडूवर झेप घेऊन टचडाउन मिळवला. म्हणून माझ्या यादीत रिटर्नरने पळता पळता किक मारायचा सरावही आहे.

2026 पासून सीएफएलने रूजचा नियम बदलला आहे: किक कुणाचाही हात न लागता एंड झोनच्या बाहेर निघून गेली तर आता गुण नाही. म्हणजे पूर्वी धावत जाऊन अडवावा लागणारा चेंडू आता जाऊ देणं शहाणपणाचं ठरू शकतं, आणि ही पारख सरावातूनच येते. तुमच्या शाळेच्या किंवा क्लबच्या लीगमध्ये कुठला नियम आहे, हे पहिल्या दिवशी कोचला विचारून घ्या.

हुकलेल्या फील्ड गोलची तयारी वेगळी धरायची. तिथे समोर पळत येणारे बहुतेक पुढच्या फळीतले अवजड लाइनमन असतात, त्यामुळे पहिली दोन माणसं चुकवली की मैदान मोकळं. हेन्री 'गिझमो' विल्यम्सने 1987 च्या ग्रे कपमध्ये एडमंटनकडून असाच चेंडू 115 यार्ड पळवून टचडाउन केला होता. उंची जेमतेम 5 फूट 6 इंच. टोरंटोच्या बशीर लेव्हिंग्स्टनने 2007 मध्ये 129 यार्ड नेला, म्हणजे मैदानाचे 110 आणि एंड झोनचे 19, त्याहून लांब जाताच येत नाही. 2027 पासून मैदान 100 यार्डांचं, एंड झोन 15 यार्डांचा आणि गोल पोस्ट एंड झोनच्या मागच्या रेषेवर जाणार आहेत. मग 129 चा आकडा कुणालाच गाठता येणार नाही. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. या खेळातलं सगळ्यात सुंदर धावणं त्या खोल कोपऱ्यातून सुरू व्हायचं.

बुटांचे दोन जोड ठेवायचे, लांब खिळ्यांचा आणि आखूड खिळ्यांचा, आणि तासभर आधी मैदानावर चालून कुठला घालायचा ते ठरवायचं. 2018 चा ग्रे कप एडमंटनच्या बर्फाळ मैदानावर झाला. सगळे घसरत होते आणि कॅल्गरीच्या टेरी विल्यम्सने 97 यार्डांचा पंट परत नेला. थंडीत चेंडू दगडासारखा कडक होतो, छातीवर आदळून उसळतो, म्हणून ऑक्टोबरपासून सरावाचे दोन चेंडू रात्रभर बाहेर ठेवून सकाळी तेच वापरायचे. हातमोजे घालणार असाल तर सगळा आठवडा घाला, सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा नको. 1991 ला विनिपेगमध्ये हाडं गोठवणाऱ्या थंडीत रघिब 'रॉकेट' इस्माइलने 87 यार्डांचा किकऑफ परत नेला, तेव्हा प्रेक्षकांतून त्याच्या दिशेने बिअरचा कॅन फेकला गेला होता. तो पळतच राहिला.

वारा दोन्ही टोकांना वेगळा असतो. गोल पोस्टवरच्या फितींकडे बघा, गवताच्या चार काड्या उडवून बघा, आणि प्रत्येक क्वार्टर बदलला की पुन्हा बघा. दोन रिटर्नर उभे असतील तर 'माझा' ही हाक कुणी द्यायची ते आधी ठरवा, आणि ती एकदाच, मोठ्याने द्या. दुसऱ्याने लगेच समोर धावून पहिला ब्लॉक घ्यायचा.

चेंडू सुटला तर बाकावर आल्यावर मी मुलाला काहीच बोलत नाही. पाणी देतो, बूट तपासतो, आणि पुढच्या पंटला त्यालाच पाठवतो. तेवढं आधी कोचकडून कबूल करून घेतलेलं असतं.