डाळिंबाची गुटी आणण्याआधी

आमच्याकडं तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा तेलकट डागांचा रोग, टेम्पोतनं आला. भाडं मीच भरलं होतं.

पाव्हण्यांच्या ओळखीनं भगवा जातीच्या 400 गुट्या, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेली रोपं, आणल्या, त्याही एप्रिलमध्ये. सांगोल्याच्या उन्हात पानं चकाचक होती. जुलैच्या भुरभुरीत त्याच पानांवर तेलकट ठिपके उमटले आणि पेरं काळी पडली. तेल्याचा जिवाणू फांदीत तग धरून राहतो आणि गुटी त्याच फांदीवर बांधलेली असते. म्हणजे रोप हातात यायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

म्हणून रोप नंतर बघा, ज्या झाडाची गुटी बांधणार ते झाड आधी बघा. तेही पावसाळ्यात, कारण कोरड्या उन्हात तेल्या दडून बसतो. पान उन्हाकडं धरा. ठिपका पाणी मुरल्यागत दिसला आणि भोवती पिवळी कड असली तर तिथनंच मागं फिरा. पेऱ्याला काळा वेढा किंवा चीर असेल तरी तेच. फळावरचा डाग तडकलेला असतो, तो लांबूनही दिसतो. झाडं दाखवायला टाळाटाळ झाली की मी गाडी वळवतो.

रोपवाटिकेचा परवाना मागायला लाजू नका. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात 1969 चा कायदा आहे. बिलावर जात आणि तारीख लिहून घ्या.

मग पिशवीतली माती. एक-दोन रोपं तिथंच बादलीत धुऊन मुळं बघा. मुळांवर गाठी असल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक किडे, आहेत, आणि त्यांनी पोखरलेल्या मुळांतनं मर रोगाला आयती वाट मिळते. टिश्यूकल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं, रोप असलं तरी पिशवीत माती कुठली भरलीय ते विचाराच.

घरी आणल्यावर लगेच लावू नका. जुन्या बागेपासनं लांब, तीन-चार आठवडे वेगळी ठेवा, रोज नजर टाका. डाग दिसलेलं रोप बांधावर फेकू नका, जाळा. छाटणीची टोळी दुसऱ्याच्या बागेतनं येते, तेव्हा कात्र्या सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवल्याशिवाय मी झाडाला हात लावू देत नाही. टोळीवाले कुरकुरतात, कुरकुरू देत.

सगळ्यात अवघड म्हणजे फुकटची गुटी. गेल्या महिन्यात धाकटा मेव्हणा पिशवीभर घेऊन आला, "दाजी, घरचीच हाय." त्याला चहा पाजला, जेवू घातलं. पिशवी गाडीतनं उतरू दिली नाही.