महिला आयोगाकडे अर्ज करताय? या चुका टाळा

एक ताई अर्ज लिहून घ्यायला आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी चार जुन्या अर्जांच्या झेरॉक्स काढल्या. चारही महिला आयोगाला लिहिलेले आणि मागणी एकच, नवऱ्याकडून पोटगी मिळवून द्या. वर्षभर त्या वाट पाहत होत्या. कोणत्या कायद्याने कोणाला काय अधिकार दिलाय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. आयोग म्हणजे कोर्ट नव्हे. राष्ट्रीय महिला आयोग १९९० च्या कायद्याने आला, महाराष्ट्राचा १९९३ च्या. चौकशी करताना राष्ट्रीय आयोगाला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात. तो समन्स काढू शकतो, कागदपत्रं मागवू शकतो, शपथेवर जबाब घेऊ शकतो. पोटगीचा आदेश मात्र देऊ शकत नाही. म्हणून अर्जात नुसतं 'न्याय मिळावा' लिहू नका. 'अमुक तारखेला अमुक ठाण्यात तक्रार दिली, अजून गुन्हा नोंदलेला नाही, पोलिसांकडून अहवाल मागवावा,' असं लिहा. आयोगाच्या हातात आहे तेच मागा.

पोटगी, मारहाणीपासून संरक्षण, घरात राहण्याचा हक्क यांसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल बनवून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. पण त्यांच्यासाठी अडून राहू नका, कलम १२ खाली बाईला स्वतःही अर्ज करता येतो. साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं कायदाच म्हणतो. तरी वेळ लागतो, म्हणून कलम २३ खालचा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश पहिल्याच दिवशी मागा. वकिलाच्या फीपायी तर मुळीच थांबू नका. उत्पन्न कितीही असो, महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला असेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार तीन महिन्यांत तिथल्या अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी नेमलेल्या समितीकडे, लेखी तक्रार द्या. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यामुळे अंतर्गत समिती नाही, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, अशा वेळी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घरकाम करणाऱ्या बायकांनाही तिथे जाता येतं.

आणि अर्ज कुठेही द्या, आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. त्या ताईंच्या चारही झेरॉक्सवर एकही शिक्का नव्हता.