मॅकवरच्या विंडोजमध्ये स्क्रीन रीडर: इन्सर्टसाठी बटण बदलताना या चुका टाळा

मॅकवर व्हीएमवेअर फ्यूजनमध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला संगणक, चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज चालवणाऱ्या अंध वापरकर्त्याची पहिली अडचण ठरलेली. एनव्हीडीए आणि जॉज हे विंडोजवरचे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारे प्रोग्राम. दोघांनाही आज्ञा देताना दाबून धरायला इन्सर्ट बटण हवं असतं, आणि मॅकबुकच्या कीबोर्डवर ते नसतंच. दुसरं बटण त्या कामाला लावणं कठीण नाही. घोटाळा होतो तो कुठलं बटण निवडलं आणि ते कुठे बदललं, यात.

सर्वांत जास्त फसवतं कॅप्स लॉक. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ते सहज निवडता येतं, म्हणून बरेच जण तेच घेतात. पण मॅकच्या लेखी कॅप्स लॉक चालू तरी असतं नाही तर बंद. ते दाबून धरलंय हे आतल्या विंडोजला नीट कळतच नाही. शिवाय मॅकच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरला, व्हॉइसओव्हरलाही तेच बटण दिलेलं असेल, तर ते बाहेरच अडतं. त्यापेक्षा उजवं कमांड घ्या. फ्यूजन ते विंडोजला उजवं विंडोज बटण म्हणून देतं. मग विंडोजमध्ये शार्पकीज हा बटणं बदलणारा प्रोग्राम उघडून ‘राइट विंडोज’चं ‘इन्सर्ट’ करा आणि ‘राइट टू रजिस्ट्री’ (Write to Registry) दाबा; रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही. उजवं ऑप्शन मात्र सोडून द्या. विंडोजमध्ये ते उजवं ऑल्ट होतं, आणि देवनागरी इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये ₹सारखी चिन्हं त्याच बटणाने उमटतात.

‘सगळं बरोबर केलं, तरी बदल दिसत नाही’ ही तक्रार नेहमीची. रजिस्ट्रीतली ही नोंद विंडोज सुरू होतानाच वाचली जाते. व्हर्च्युअल मशीन सस्पेंड करून, म्हणजे आहे त्या स्थितीत थांबवून, पुन्हा उघडलं, तर विंडोज नव्याने सुरू होत नाही. ‘शट डाउन’ही पुरत नाही, कारण विंडोज लवकर सुरू करणारी फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल तर जुनीच स्थिती परत येते. ‘रीस्टार्ट’च निवडा.

एकच बटण दोन ठिकाणी बदलू नका. मॅकवर कॅराबिनर या बटणं बदलणाऱ्या अॅपने उजवं कमांड आधीच बदललेलं असेल, तर शार्पकीज ज्या बटणाची वाट पाहतंय ते विंडोजपर्यंत येणारच नाही. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजने बदल केलात तर तो साइन-इनच्या पडद्यावर चालत नाही, म्हणजे पासवर्ड टाकताना, नेमकी गरज असते तेव्हाच, हात रिकामे. रजिस्ट्रीतला बदल तिथेही लागू असतो. तिथे एनव्हीडीए बोलावं म्हणून त्याच्या सेटिंगमधला साइन-इनचा पर्याय तेवढा चालू ठेवा.

एनव्हीडीए सुरू करायचं कंट्रोल+ऑल्ट+एन मॅकवर दगा देऊ शकतं, कारण कंट्रोल+ऑप्शन हीच व्हॉइसओव्हरची स्वतःची जोडी आहे. डाव्या कमांडसोबत आर दाबून रनची खिडकी उघडा, ‘एनव्हीडीए’ची इंग्रजी अक्षरं टाइप करा आणि एंटर दाबा.

शेवटी उजवं कमांड धरून १ दाबा. ‘इनपुट हेल्प’ ऐकू आलं, तर बदल लागू झाला. नाही आलं, तर एनव्हीडीएच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये इन्सर्टवरची खूण काढलेली नाही ना, ते आधी तपासा.