मुगाचा भुंगेरा आणि ३:१ चा हिशेब

साठवलेला मूग पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला दाद न देणाऱ्या बियांवर, म्हणजे भुंगेरा-प्रतिकारावर, काम सुरू करताना डीएनए काढण्याआधी दोन गोष्टी पक्क्या माहीत हव्यात. समोरचं बी कुठल्या पिढीचं, आणि त्यावरच्या अंड्यातली अळी दाण्यात खरंच शिरली का? प्रतिकारक आणि बळी पडणाऱ्या दाण्यांची गुणोत्तरं बहुधा इथेच बिघडतात, आणि दोष मात्र मार्करवर, म्हणजे जनुकाची खूण म्हणून वापरलेल्या डीएनएच्या तुकड्यावर जातो.

आधी पिढी. संकरातून आलेली पहिली पिढी एफ१, तिची संतती एफ२. एफ१ झाडाच्या शेंगेतला दाणा सोलून पाहा: टरफल आईचं म्हणजे एफ१, आतल्या डाळिंब्या एफ२. प्रतिकार एका प्रभावी जनुकाचा आणि डाळिंबीत असेल तर एकाच झाडाच्या दाण्यांत प्रतिकारक आणि बळी पडणारे ३:१ निघतात. तो टरफलात असेल तर त्या झाडाचे सगळे दाणे सारखेच वागतात आणि फूट दिसायला एफ२ झाडांचं बी हाती यावं लागतं. मादागास्करच्या ‘टीसी १९६६’ या रानमुगातला प्रतिकार डाळिंबीतला, एका प्रभावी जनुकाचा. १९९२ मध्ये तो जनुकांच्या नकाशावर बसला. ‘व्ही २८०२’ आणि ‘व्ही २७०९’ या मुगांतल्या अभ्यासांनी पुढे बोट ठेवलं ते पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज (वनस्पतीची पेशीभित्तिका फोडणारं विकर) रोखणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांवर. म्हणून वहीत नुसतं ‘एफ२ बी’ लिहू नका. ‘एफ१ झाडावरचं बी, डाळिंबी एफ२’ असं लांबलचक लिहा. सहा महिन्यांनी त्याचा उपयोग कळतो.

आता चाचणी. तपासायचं बी आठवडाभर उणे २० अंशांवर ठेवा, म्हणजे शेतातूनच आत आलेल्या अळ्या मरतात. मग सगळ्या नमुन्यांचा ओलावा सारखा होईपर्यंत ते एकाच खोलीत ठेवा. २० दाण्यांवर एका दिवसाच्या आतल्या भुंगेऱ्यांच्या ५ जोड्या सोडा, ४८ तासांनी काढा. तापमान २८ अंश, आर्द्रता ६५ ते ७० टक्के. कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस या भुंगेऱ्याच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या असतात, मादीच्या करवतीसारख्या. नर-मादी ओळखायला भिंग पुरतं. मॅक्युलॅटस ही दुसरी जात त्याच बरणीत मिसळू देऊ नका. लागवडीचे अनेक उडीद चायनेन्सिसला दाद देत नाहीत, पण मॅक्युलॅटस त्यांना पोखरतो.

सातव्या दिवशी अंडी पाहा. अळी आत गेली की मागे राहिलेल्या कवचात भुसा भरतो आणि ते दुधी पांढरं दिसतं; पारदर्शक राहिलेलं अंडं फुकट गेलेलं. प्रत्येक दाण्यावर किमान दोन पांढरी अंडी हवीत. जास्तीची सुईने खरवडा. ही पायरी गाळली की काय होतं? १०० दाण्यांत ८४ शाबूत आणि १६ भोकं पडलेले निघाले, तर काय-वर्ग (मिळालेले आकडे अपेक्षेपासून किती दूर ते सांगणारं माप) ४.३२ येतो, ३.८४ या मर्यादेच्या वर, आणि ३:१ नाकारलं जातं. त्यातल्या आठ-दहा दाण्यांत अळी शिरलीच नसेल तर दोन जनुकांची कल्पना लढवण्यात अर्थ नाही.

विसाव्या दिवसापासून रोज भुंगेरे मोजा आणि लगेच काढा, नाहीतर दुसरी पिढी अंडी घालते. चाचणी ५० दिवसांपर्यंत चालवा. प्रतिकारक दाण्यात अळी कधी कधी मरत नाही, नुसती रेंगाळते. तिसाव्या दिवशी थांबणाऱ्याच्या वहीत असा दाणा पूर्ण प्रतिकारक ठरतो. बरणीत बारीक गांधीलमाशी किंवा कोळी (माइट) दिसला तर ती बॅच फेकून द्या. त्यांनी मारलेल्या अळ्या प्रतिकाराच्या खात्यावर जमा होतात.

एफ२ झाडाचा जनुकप्रकार त्याच्या बियांवरून ठरवायचा असेल तर किती दाणे? मिश्र झाडाच्या (ज्यात जनुकाचं एक रूप प्रतिकाराचं, दुसरं बळी पडण्याचं) १० दाण्यांत एकही बळी न पडण्याची शक्यता ५.६ टक्के, १६ दाण्यांत १ टक्का, २० दाण्यांत ०.३ टक्के. दहावर भागवणं हा खोटा काटकसरीपणा. त्याच झाडाचं निम्मं बी चाचणीला न देता राखून ठेवा आणि पानाचा नमुना आधीच घ्या.

संकराबद्दल थोडंच. परागकोश रात्रीच फुटतात, म्हणून संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढा, परागण सकाळी करा. बरीच फुलं गळतात, ते गृहीत धरा. आई हिरव्या दांड्याची आणि बाप जांभळ्याचा घेतला तर रोप उगवताच खरा संकर ओळखू येतो, कारण जांभळा प्रभावी आहे. रानमुगाच्या संततीत शेंगा उन्हात तडकतात आणि दाणे मातीत जातात; काळी पडलेली शेंग रोज सकाळी दव असतानाच तोडा, प्रत्येक झाडाला वेगळी कागदी पिशवी.