थंड समुद्रातील क्रूझसाठी बुटांची निवड

रत्नागिरी-मालवणकडे वर्षभर चपलांवर निभते, त्यामुळे अलास्का किंवा नॉर्वेच्या क्रूझला निघताना बुटांचा विचार सर्वांत शेवटी होतो. तो सर्वांत आधी व्हायला हवा. जहाजावर साधे, न घसरणारे बूट पुरतात. खरी कसोटी किनाऱ्यावर लागते, कारण अलास्कातील केचिकन आणि नॉर्वेतील बर्गन ही बंदरे सततच्या पावसासाठी प्रसिद्ध आहेत आणि तिथला पाऊस बोचरा गार असतो.

घोटा झाकणारे, जलरोधक अस्तराचे, खोल खाचांच्या रबरी तळव्याचे बूट घ्यावेत. माप संध्याकाळी, जाड लोकरी मोजे घालून पाहावे. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत, कारण घट्ट बुटात रक्तप्रवाह मंदावून पाय अधिकच गारठतात. सुती मोजे ओल धरून ठेवतात, ते नेऊच नयेत.

अंटार्क्टिकात रबरी होडीतून उथळ पाण्यात उतरावे लागते, तिथे उंच गमबूटच हवेत. अनेक जहाजांवर ते मिळतात, म्हणून आधी विचारून घ्यावे. लावणीच्या वेळचे पीव्हीसीचे स्वस्त गमबूट मात्र थंडीत कडक होतात.

जुनी जोडी नेणार असाल, तर विशेष काळजी घ्यावी. आपल्या दमट हवेत कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बुटाचा पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लास्टिकचा) तळवा आतून कुजतो आणि वरून धड दिसणारा बूट चालता चालता भुगा होऊन सुटतो. तळवा अंगठ्याने दाबून, वाकवून पाहावा. बारीक भेगा दिसल्यास ती जोडी बाद समजावी. नवे बूट निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे जांभ्याच्या ओल्या पायऱ्यांवर वापरून पायांत रुळवावेत.