फ्लॅटमध्ये सायकलचा स्मार्ट ट्रेनर: घेताना आणि लावताना या चुका टाळा

जून ते सप्टेंबर पुण्या-मुंबईत पहाटेच्या राइडचा भरवसा नसतो. मग घरातल्या घरात पेडल मारायला स्मार्ट ट्रेनर (सायकल जागेवर धरून पेडलला प्रतिकार देणारं, ॲपशी जोडलं जाणारं यंत्र) शोधला जातो आणि तो बहुतेक वेळा घाईत घेतला जातो. नंतर दोन तक्रारी हमखास येतात: आपली सायकल त्यावर बसत नाही, किंवा खालच्या मजल्यावरचे लोक बेल वाजवतात. दोन्ही टाळता येतात, फक्त पैसे योग्य ठिकाणी घालायला हवेत.

स्वस्त म्हणून व्हील-ऑन घेणं

व्हील-ऑन ट्रेनरमध्ये मागचं चाक रोलरवर टेकतं. यंत्र स्वस्त पडतं, पण टायर रोलरवर घासतो तेव्हाची घरघर भिंतीपलीकडे ऐकू जाते. एमटीबीचा (माउंटन बाइकचा) खाचांचा टायर असेल तर विचारूच नका. शिवाय टायर झिजतो, उभं राहून जोर लावला की घसरतो आणि हवेचा दाब बदलला की वॉटचा (पायांच्या ताकदीचा) आकडाही बदलतो.

डायरेक्ट-ड्राइव्हमध्ये मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर) चढवतात. टायरच नसल्यामुळे आवाजाचं सर्वात मोठं कारण संपतं. बजेट कमी असेल तर नव्या व्हील-ऑनपेक्षा मागच्या पिढीतला किंवा चांगल्या स्थितीतला जुना डायरेक्ट-ड्राइव्ह घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. तळमजल्यावर राहत असाल आणि आठवड्यातून एक-दोनदाच वापरणार असाल, तर व्हील-ऑन चालेल.

व्हील-ऑन आधीच घरात असेल तर गुळगुळीत टायर लावा, दर वेळी हवा एकाच दाबाला भरा (रोड टायरला साधारण १०० पीएसआय, पण टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आतच) आणि रोलरचा नॉब दर वेळी तेवढेच फेरे आवळा. दहा मिनिटं चालवून टायर तापला की मगच ॲपमधून स्पिनडाउन करा (वेग वाढवून पेडल थांबवायचं, म्हणजे ट्रेनर आपलं मोजमाप जुळवून घेतो). थंड टायरवर केलेलं कॅलिब्रेशन पुढच्या अर्ध्या तासात निरुपयोगी होतं.

मोठ्या आकड्यांना भुलणं

'२००० वॉट, २० टक्के चढ' हे खोक्यावर छान दिसतं. पण हौशी सायकलस्वार तासभर १५० ते २५० वॉटच्या आसपास असतो. चढाच्या आकड्याचंही तसंच. झ्विफ्ट या सायकलिंगच्या ॲपमध्ये 'ट्रेनर डिफिकल्टी' मुळात ५० टक्क्यांवर असते, म्हणजे पडद्यावरचा १२ टक्क्यांचा चढ पायांना सहा टक्क्यांसारखा लागतो. तुलनेला हे तीन ट्रेनर पाहा: व्हॅन रायसेल डी१०० जास्तीत जास्त ६०० वॉट आणि ६ टक्के देतो, एलिट सुइटो १९०० वॉट आणि १५ टक्के, वाहू किकर कोर १८०० वॉट आणि १६ टक्के. स्प्रिंट मारणार नसाल तर पहिल्यावरही व्यायाम नीट होतो. शर्यती खेळायच्या असतील तर मात्र तो अपुरा पडेल.

अचूकतेचा आकडा जास्त कामाचा आहे. अधिक-उणे २ टक्के म्हणजे २०० वॉटला ४ वॉटचा फरक, ५ टक्के म्हणजे १० वॉटचा. एकट्याने सराव करताना दहा वॉटचा फरक चालून जातो, मात्र तो रोज सारखाच राहायला हवा.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. कमाल वॉट हे फ्लायव्हील (ट्रेनरमधलं जड चाक) जोरात फिरत असतानाचे असतात. हलक्या गिअरमध्ये, कमी वेगाला, तोच ट्रेनर तेवढा प्रतिकार देऊ शकत नाही.

सायकल न मोजता ऑर्डर देणं

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. आधी मागच्या चाकाचा एक्सल (चाक फ्रेमला धरणारा दांडा) पाहा. क्विक रिलीज (खटका उघडून सुटणारा बारीक दांडा) असेल तर फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतर रोड सायकलला १३० मिमी आणि हायब्रिड-एमटीबीला १३५ मिमी असतं. डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींना १२ मिमी थ्रू-ॲक्सल (फ्रेमच्या आरपार जाणारा जाड एक्सल), रुंदी १४२ किंवा १४८ मिमी. यातले कोणते अडॉप्टर खोक्यात येतात आणि कोणते वेगळे घ्यावे लागतात, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

मग मागचे गिअर मोजा. डायरेक्ट-ड्राइव्ह ट्रेनरवर बहुधा शिमॅनो पद्धतीचा ११-स्पीड (११ गिअरचा) फ्रीहब, म्हणजे कॅसेट बसवायचा भाग, असतो. त्यावर ८, ९ किंवा १०-स्पीड कॅसेट बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर लागतो. तो विसरला की लॉकरिंग (कॅसेट घट्ट धरणारी रिंग) पूर्ण आवळूनही कॅसेट हलत राहते. ७-स्पीडला त्याखेरीज ४.५ मिमीचा आणखी एक स्पेसर लागतो. आपल्याकडच्या कमी किमतीच्या गिअरच्या सायकलींवर कॅसेट नसून आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. ते ट्रेनरवर चढत नाही, ७-स्पीडची वेगळी कॅसेट घ्यावी लागते. स्रॅमच्या एक्सडीआर किंवा शिमॅनोच्या मायक्रो-स्प्लाइन कॅसेटला ट्रेनरचा फ्रीहबच बदलावा लागतो. काही ट्रेनरसोबत कॅसेट येते, काहींसोबत येत नाही. दोन ट्रेनरच्या किमतींची तुलना करताना हा खर्च आधी मिळवा. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळतात. टॉर्क रेंच नसेल तर सायकलच्या दुकानात पाच मिनिटांचं काम आहे.

डिस्क ब्रेकची सायकल असेल तर चाक काढल्यावर कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागात) पॅड-स्पेसर घाला. चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत जात नाही.

आवाज ट्रेनरचाच आहे असं धरून चालणं

जाहिरातीतला डेसिबलचा आकडा हवेतल्या आवाजाचा असतो. शेजाऱ्यांना त्रास होतो तो कंपनाचा, आणि ते स्लॅबमधून खाली जातं. ट्रेनर १५ ते १८ किलो, सायकल दहा-बारा किलो आणि तुम्ही स्वतः, असं शंभरेक किलो वजन चार छोट्या रबरी पायांवर हलत असतं. योगा मॅट त्याखाली कागदासारखी दबते, तिचा उपयोग घामापुरता.

साधी चाचणी करा. ट्रेनरच्या पायापासून हातभर अंतरावर फरशीवर पाण्याने भरलेली स्टीलची ताटली ठेवा आणि नेहमीच्या जोराने पेडल मारा. पाण्यावर बारीक तरंग थरथरताना दिसले तर कंपन फरशीत उतरतंय. ट्रेनर खोलीच्या मध्यातून उचलून बीमजवळ, भिंतीच्या कडेला किंवा कॉलमच्या कोपऱ्यात न्या, कारण स्लॅब मधोमध सर्वात जास्त हलतो. मग खाली १० ते १२ मिमीची जिमची रबर मॅट टाका. तरीही तरंग दिसत असतील तर पाच बाय अडीच फुटांची १८ मिमी प्लाय घ्या, खाली वॉशिंग मशीनचे जाड रबरी पॅड सहा-आठ ठिकाणी ठेवा आणि ट्रेनर व पुढचं चाक दोन्ही त्याच प्लायवर घ्या. शेवटी खालच्या घरी स्वतः जाऊन ऐका, वर दुसऱ्या कोणाला तरी पेडल मारायला सांगा.

आता वरचा आवाज. तो कशासोबत बदलतो हे पाहिलं की कारण सापडतं. सतत खर्रखर्र आणि गिअर बदलल्यावर कमी-जास्त होत असेल तर मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) जुळलेला नाही. ट्रेनरवरची कॅसेट चाकावरच्या कॅसेटपेक्षा थोडी आत किंवा बाहेर असते, म्हणून केबलचा बॅरल ॲडजस्टर पाव-पाव फेरा फिरवून पाहा. चिवचिव म्हणजे चेन कोरडी आहे: पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल सोडा, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक' होत असेल तर पेडल, क्रँक किंवा बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या मधलं बेअरिंग) तपासा, ट्रेनर उघडू नका. बसलात की येतो आणि उभं राहिलात की थांबतो, तो सीटपोस्टचा आवाज. पेडल थांबवल्यावरचं टर्रर्र फ्रीहबचं आहे आणि ते ठीकच आहे. वेगासोबत चढत जाणारी, गिअर कोणताही असला तरी तशीच राहणारी घरघर मात्र आतल्या बेल्टची किंवा बेअरिंगची असते. तेव्हा व्हिडिओ काढून वॉरंटीत तक्रार करा.

ईआरजी मोडमध्ये (तुम्ही ठरवलेले वॉट कायम ठेवणाऱ्या मोडमध्ये) वॉट ट्रेनरच सांभाळतो, त्यामुळे पुढे छोटी चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे मधली चकती ठेवा. फ्लायव्हील हळू फिरतं, चेन सरळ राहते आणि आवाज लक्षात येईल इतका उतरतो. त्याच मोडमध्ये पाय मंदावले तर ट्रेनर भार वाढवत नेतो आणि पेडल चिखलात रुतल्यासारखं होतं. झुंजू नका. काही सेकंद थांबा, ईआरजी बंद करा, ९०च्या कॅडन्सला (मिनिटाला पेडलचे ९० फेरे) या आणि पुन्हा चालू करा.

'ट्रेनर दिसत नाही'

बऱ्याच ट्रेनरचं ब्लूटूथ एका वेळी एकाच ॲपशी बोलतं. फोनवर कंपनीचं ॲप मागे उघडं राहिलं तर लॅपटॉपवरच्या ॲपला ट्रेनर सापडत नाही, म्हणून आधी फोनचं ब्लूटूथ बंद करा. लॅपटॉपला एएनटी प्लसचा (ब्लूटूथसारख्याच दुसऱ्या वायरलेस पद्धतीचा) डोंगल लावत असाल तर दीड-दोन मीटरच्या यूएसबी एक्स्टेंशनने तो ट्रेनरजवळ आणा. यूएसबी ३.० पोर्ट २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करतो, सिग्नल तुटण्याचं ते नेहमीचं कारण आहे. घेतानाच एफटीएमएस (ब्लूटूथवरची) आणि एफई-सी (एएनटी प्लसवरची) या ट्रेनर नियंत्रणाच्या दोन्ही प्रमाण पद्धती असल्याची खात्री करा, म्हणजे ॲप बदललं तरी ट्रेनर बदलावा लागणार नाही. मायवूश हे ॲप फुकट आहे, महिन्याची वर्गणी भरण्याआधी ते वापरून पाहा.

वीज आणि घाम

वीज गेली की बहुतेक ट्रेनरचा प्रतिकार क्षणात नाहीसा होतो. उभं राहून पेडल मारत असाल तर पाय निसटतो. वीज सारखी जात असेल तर ट्रेनरचा प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या आणि मूळ अडॉप्टरच वापरा.

आपल्या दमट हवेत छताचा पंखा पुरत नाही. पेडेस्टल पंखा समोरून छातीवर येईल असा ठेवा. हँडलवर टॉवेल हवाच, कारण घामातलं मीठ हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट खातं.

जुना घेताना

फोन आणि आपली सायकल सोबत न्या. फर्मवेअर (ट्रेनरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट पूर्ण होतंय का पाहा. ईआरजीमध्ये १५० वॉट लावा, मग २५०, आणि आकडा काही सेकंदांत तिथे जाऊन टिकतो का ते बघा. प्लग काढून कॅसेट हाताने डावी-उजवीकडे हलवा, जाणवेल इतकी ढिलाई असेल तर बेअरिंग गेलंय. वीस मिनिटं सलग चालवल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण घसरणारा बेल्ट गरम झाल्यावरच बोलतो. मूळ खोकं असेल तर तेही मागून घ्या. १५ किलोचं यंत्र दुरुस्तीला कुरियरने पाठवायचं तर त्याशिवाय सोय नाही.