मोठ्या दुकान-साखळीच्या गोदामातून माल परत येतो? बारकोड बघा (माझा अनुभव)

आमच्या शेंगदाणा चटणीची खोकी गोदामातून तीनदा परत आली. शेरा एकच, 'बारकोड वाचला जात नाही'. प्रिंटर बदलला, पाऊच बदललं, फरक शून्य. फार मनस्ताप झाला.

कारणं दोन निघाली. कोड ऑनलाइन स्वस्तात घेतलेला, आमच्या नावावर नव्हताच. आणि रेघा चटणीला शोभतील म्हणून लाल. स्कॅनरच्या लाल उजेडात त्या दिसतच नाहीत.

आधी जीएस१ इंडियाकडे (बारकोडचे क्रमांक देणारी संस्था) नोंदणी केली. तिथून ८९०ने सुरू होणारे १३ अंकी क्रमांक मिळाले, १०० आणि २०० ग्रॅमला वेगवेगळे. मग वजन, एमआरपी पाऊचवर आहे तशीच डेटाकार्टवर (जीएस१ इंडियाची मालाच्या माहितीची ऑनलाइन नोंदवही) भरली. त्यानंतर पांढऱ्या पट्टीवर काळ्या रेघा छापल्या, दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडून. ही जागा डिझायनर हमखास खातो, तिथे अडून बसा. शेवटी चटणी भरलेलं, फुगलेलं पाऊच स्कॅन करून पाहिलं. चौथी खेप उतरली.